बांद्याचं स्थळ आणि शेकायची पिशवी

शेकाबद्दल मला कुणी शिकवू नये! मालवणजवळच्या कट्टा गावाच्या बाजारात माझं किराणा-भुसाराचं दुकान आहे, पण अर्धी गिऱ्हाइकं तांदूळ मागायला येत आणि गुडघा दाखवून जात. आखडलेल्या मानेला गरम वाळूची पुरचुंडी, सांध्याला तव्यावर तापवलेलं एरंडाचं पान, मुरगळलेल्या पायाला आधी गार पाणी आणि सूज उतरली की मग शेक! हे सगळं मी हातातला तराजू खाली न ठेवता सांगत असे. लोक बरे होत की नाही ते ठाऊक नाही, पण तक्रार करायला परत कुणी आलं नाही. आले नाहीत म्हणजे बरे झाले, असा माझा हिशेब!

माझं स्वतःचं मात्र कधी काही दुखलं नव्हतं. त्यामुळे ही सगळी विद्या आजवर परक्याच्याच हाडांवर चालली होती.

आणि एका गुरुवारी मी साखरेचं पोतं उचललं.

पोतं उचललं म्हणतो खरा, पण ते जागेवरच राहिलं. उचलला गेलो तो मी! कमरेत अशी काही चमक भरली की मी पोत्याला मिठी मारली आणि तसाच राहिलो. दुकानात शिरलेली राधाबाई म्हणाली, "शेटानू, साखर पळाक लागली काय?"

उसण भरली होती! चौघांनी मला तसाच वाकलेला घरी आणला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल की हे लोक खुर्ची नेतायत.

आता उपचार! आमच्या घरात त्याबाबत दोन पक्ष. माझी बायको तुळसा शेकाच्या बाजूची. माझी थोरली बहीण अक्का थंड उपचाराच्या बाजूची. तुळसेने चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून माझ्या कमरेवर ठेवली. विटेचा चटका आणि उसणेची कळ यांची भेट होऊन मी ओरडलो, तशी अक्का धावत आली. "शिरा पडो त्या विटेर! माणूस भाजतस काय रताळा?" असं म्हणून तिने विहिरीच्या गार पाण्याची अख्खी कळशी माझ्या कमरेवर उपडी केली. तापल्या तव्यावर शिंतोडे उडाल्यासारखा चर्रर्र आवाज झाला. तो विटेचा होता की माझा, हे मला आजही सांगता येणार नाही.

अक्का एवढ्यावर थांबली नाही. तिने मालवणला मासळीचा धंदा करणाऱ्या महादूला निरोप पाठवला की बंदरावरून बर्फ पाठव. महादूने मासळीच्या पेटीतला बर्फ भुसा भरलेल्या गोणत्यात घालून एसटीवर चढवला. कट्ट्याला पोचेपर्यंत बर्फ कंडक्टरच्या पायाखालून वाहून गेला होता. गोणत्यात उरला ओला भुसा आणि चुकून आलेले दोन बांगडे.

"बांगडेय थंडच आसत मरे!" अक्का म्हणाली. "ठेवा कमरेर!"

ठेवले. मी पालथा, कमरेवर दोन बांगडे, आणि दारातून आत येणारा आमचा बोका! पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की बोक्याला माशाखाली माणूस आहे हे शेवटपर्यंत पटलं नाही.

हे सगळं एरवी मी हसत सोसलं असतं. पण रविवारी मला बांद्याला जायचं होतं! माझी धाकटी बहीण कावेरी हिच्यासाठी तिथलं स्थळ चालून आलं होतं. मुलगा सावंतवाडीला कचेरीत, घरी नारळी-पोफळी, आणि मुलाचे वडील भाई म्हणजे पंचक्रोशीत नाव घ्यावं असा निर्व्यसनी माणूस! विडीला शिवत नाही, दारूचं नाव काढलं तर चूळ भरतो, अशी ख्याती. त्यांचा निरोप होता, "जेवायला या, परतताना मी तुमच्याबरोबरच कट्ट्याला येतो, मुलगी बघतो आणि शब्द देऊन टाकतो." आमच्या वडिलांमागे कावेरीचं सगळं माझ्यावर. असलं घर पुन्हा कुठलं मिळायला!

"जा," अक्का म्हणाली, "पण कंबर धरल्याचा सांगू नको. म्हणतले, घराण्यातच हाडां कच्ची आसत. भावाची कंबर अशी, तर भयणीची कशी?"

कावेरी आतून म्हणाली, "माझी कंबर ताठ आसा म्हणान सांग. आणि मान पण!"

मला मार्ग सुचला. मुंबईहून माझा भाऊ मधू याने मागे एक रबरी पिशवी पाठवली होती. लालभडक, गळ्याला बूच! आत कढत पाणी भरायचं आणि दुखत्या जागी ठेवायची. ती पिशवी भरून मी उपरण्याने कमरेला आवळली, वरून सदरा, त्यावर बंद गळ्याचा कोट. पोट थोडं मागच्या बाजूला आल्यासारखं दिसत होतं, पण व्यापारी माणसाला शोभून जातं. कुडाळला गाडी बदलून, सावंतवाडी करून बांद्याला पोचेपर्यंत कंबर अशी मऊ झाली होती की वाटलं, ही पिशवी शोधून काढणाऱ्याला कुणीतरी सोन्याचं कडं द्यायला हवं!

भाईंच्या घरी मात्र पाणी निवायला लागलं. ओसरीवर पाय धुवायला म्हणून वाकलो तो वाकलोच! वर येता येईना. समोर तुळशीवृंदावन होतं, म्हणून तसाच हात जोडून राहिलो. कळ जरा ओसरेपर्यंत मी डोळे मिटून जेवढी स्तोत्रं आठवली तेवढी म्हटली. भाई कौतुकाने बघत होते.

"आजकाल असो भाविक माणूस गावना नाय," ते घरात सांगत होते. "जेवाण थंड झाला तरी चलात, तेंची पूजा मोडू नको!"

जेवण झालं. पत्रिका जुळल्याच होत्या, बोलणंही जुळलं. तिसऱ्या प्रहराची गाडी होती आणि माझी पिशवी थंडगार! तीन तास एसटीत बसून, वर उडत-आपटत जायचं म्हणजे कट्ट्याला उतरवून घ्यायला पुन्हा चौघं लागणार. आणि तेही भाईंच्या डोळ्यांदेखत!

मी भाईंच्या धाकट्या भावाला, बाबलीला, गाठलं. हसरा, गोल चेहऱ्याचा माणूस. त्याला परसात न्हाणीघराच्या मागे नेलं. न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली जाळ होता आणि पाण्याला उकळी फुटत होती, ते मी आधीच हेरून ठेवलं होतं.

"बाबलीनू, एक काम होता. पण भाईंका कळूक नको."

मी पिशवी काढली. आतलं निवलेलं पाणी अळवात ओतलं आणि रिकामी पिशवी त्याच्या हातात दिली. बाबलीने पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग त्याचं हसू या कानापासून त्या कानापर्यंत गेलं.

"भरून व्हयी?"

"व्हय. पण गरम व्हयी हां! कोमट नको."

"आमच्याकडे गरमच आसता, शेटानू! अशी गरम, की कानातसून वाफ येतली."

"तशीच व्हयी! कमरेक बांधून नेवची आसा."

"सगळे कमरेकच बांधून नेतत!" बाबली माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "तुमची पिशवी मात्र झकास! आमचे लोक सायकलीची ट्यूब वापरतत."

मला वाटलं, बांद्यात कमरेचं दुखणं फार दिसतंय. शिवाय इथले लोक ट्यूबने शेकतात, ही नवीनच माहिती मिळाली. दुकानात सांगायला बरी!

गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा बाबली पळत आला, पिशवी माझ्या हातात कोंबली आणि डोळा मारून पसार झाला. मी न्हाणीघरामागे घाईघाईने ती कमरेला बांधली आणि गाडीत भाईंच्या शेजारी जाऊन बसलो. बसल्यावर कळलं. पिशवी गार! कुठली कानातून वाफ! बाबलीने बहुधा भाणाऐवजी विहिरीतलं भरलं होतं. पण आता गाडीतून उतरता थोडंच येतंय? म्हटलं, जाऊ दे, अक्काचा थंड उपचार समजू!

गाडी खड्ड्यातून गेली की माझ्या कोटाच्या आत आवाज होई, "डुबूक!"

भाईंनी दोनदा माझ्याकडे बघितलं. मी पोटावर हात ठेवून म्हणालो, "सोलकढी जरा जास्त झाली."

थोड्या वेळाने आणखी एक भानगड सुरू झाली. गाडीत वास यायला लागला. उग्र, नाकात शिरून टाळूला टोचणारा. लोक एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. भाईंनी उपरणं नाकाला लावलं.

"कोण तरी पिऊन चढलो आसा," ते म्हणाले.

"जनाची नाय तर मनाची तरी लाज व्हयी!" मी मोठ्याने म्हणालो. भावी व्याह्यांसमोर आपल्या घराचे संस्कार दाखवायची ही संधी होती. "भर दुपारी! गाडीत बायकामाणसं आसत. असल्या माणसांका गाडयेतसून खाली उतरवूक व्हया!"

"खराच तां. आमच्या घरात बाटलीची सावली पडणा नाय."

"आमच्याय नाय!"

डुबूक!

वाटेत तपासणीचा नाका लागला. पोर्तुगिजांकडून गोवा सुटून तिकडे माल मोकळा झाला होता, पण आपल्या बाजूला कडक दारूबंदी. म्हणून येणारी-जाणारी प्रत्येक गाडी थांबवत. एक खाकी पोशाखातला शिपाई वर चढला, त्याने नाक वर करून एकदाच हुंगलं आणि ओरडला, "सगळे खाली उतरा!"

सगळे उतरले. मी काटकोनात उतरलो.

खाली साहेब उभे होते. देशावरचे, मिशा तलवारीसारख्या. त्यांनी मला विचारलं, "वाकून का चालताय?"

"नमस्कार करतोय, साहेब."

"कुणाला?"

"तुम्हालाच!"

"झाला नमस्कार. आता सरळ व्हा."

सरळ कुठला होतोय! साहेबांनी हातातल्या छडीने माझ्या कमरेवर हलकेच टिचकी मारली. डुबूक!

सगळी गाडी शांत झाली. समुद्राची गाज ऐकू आली असती, फक्त समुद्र तिथून लांब होता.

"काय आहे हे?"

भाई शेजारीच उभे होते. कंबर लपवावी तर दारूवाला ठरतो, सांगावी तर बहिणीची कंबर वादात येते! शेवटी मी अब्रूची बाजू धरली.

"साहेब, माझी कंबर धरलीय. शेकायची पिशवी आहे ही. आत पाणी आहे."

"शेकायची? मग गार कशी?"

"निवली, साहेब."

"उघडा."

"खुशाल उघडा!" मला आता जोर चढला. "वास घ्या! वाटल्यास पिऊन बघा! माझं नाव सत्यवान आहे, कट्ट्याच्या बाजारात कुणालाही विचारा. माझ्या शब्दाला वजन आहे!"

साहेबांनी बूच काढलं आणि नाक जवळ नेलं. त्यांच्या मिशांची दोन्ही टोकं एकदम वर गेली. डोळ्यांत पाणी आलं. जरा थांबून ते अतिशय गोड आवाजात म्हणाले,

"सत्यवान, हे पाणी कुठल्या विहिरीचं?"

मीही वाकून वास घेतला. वाकलेलो होतोच. काजूची फेणी! भरगच्च पिशवीभर! माझ्या डोळ्यांपुढून बाबलीचा मारलेला डोळा गेला, 'गरम' गेलं, सायकलीची ट्यूब गेली, आणि त्या सगळ्यांच्या मागून कावेरीच्या लग्नाची वरात उलट्या दिशेने निघून गेली. मी भाईंकडे बघायचंही टाळलं.

भाई मात्र पुढे आले होते. त्यांनी पिशवीवर नाक धरलं आणि त्यांचा चेहरा धुतलेल्या धोतरासारखा पांढरा झाला. ते माझ्या कानाशी लागून कुजबुजले, "ही तुमका कोणी दिली?"

"बाबलीन."

"मेलो! माझ्या कणगीमागची आसा ती! आता तुम्ही गप रवा."

वासावरून घर ओळखणारा निर्व्यसनी माणूस मी प्रथमच पाहत होतो. पण विचार करायला वेळ नव्हता. भाईंनी हात जोडले आणि कचेरीतली मराठी सुरू केली.

"साहेब, ते पिण्याचे नाही. ते लावण्याचे आहे! वाताच्या दुखण्यावर आमच्याकडे पूर्वीपासून हेच पाठीला चोळतात. या माणसाची कंबर बघा. हा सकाळपासून माझ्या तुळशीसमोर असाच उभा होता. भक्ती म्हणून नव्हे, हे मला आता कळले!"

साहेबांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. काटकोन खरा आहे याची खात्री करून घेतली. मग म्हणाले, "लावायचं आहे?"

"होय साहेब."

"मग लावा. इथेच. सगळं! एक थेंब या नाक्याच्या पुढे जाता कामा नये. आणि लावताना माझी नजर आहे. तोंडाकडे हात गेला तर दोघांनाही आत घालीन!"

शिपायाने बाक आणला. माझा कोट उतरला, सदरा उतरला, आणि मला बाकावर पालथा घातला. भाईंनी बाह्या वर केल्या आणि ओंजळ भरून माझ्या पाठीवर ओतली. गुरुवारी विटेने भाजलं नव्हतं एवढं बाबलीच्या मालाने भाजलं! खोटं नव्हता बोलला बिचारा. गरमच होती!

गाडीतली माणसं भोवती जमली. एवढी फेणी मातीत जाताना बघून त्यांचे जीव कासावीस झाले होते. एक म्हातारा पुढे सरकला.

"साहेबानू, माझे गुडघे बघा कसे सुजलेत ते! वाईच थयसर पण लावा."

"माझो खांदो!" दुसरा म्हणाला.

"माझी मान!"

एका माणसाने गाल धरला. "माझी दाढ दुखता, साहेबानू!"

"दाढेला नाही!" साहेब गरजले.

ड्रायव्हर घसा खाकरून म्हणाला, "माझो गियरचो हात..."

"ड्रायव्हरला तर मुळीच नाही!"

भाई मात्र कुणाकडे न बघता चोळत होते. मनातल्या मनात ते कणगीमागच्या मालाला निरोप देत असावेत, कारण प्रत्येक ओंजळीला त्यांचा सुस्कारा निघत होता. आणि तो सगळा राग माझ्या पाठीत उतरत होता. शेवटच्या ओंजळीला त्यांनी दोन्ही मुठींनी असा दाब दिला की माझ्या कमरेत 'कट्' असा आवाज झाला. मी किंचाळून उभा राहिलो. चक्क उभा! ताठ! लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी रिकामी पिशवी उलटी करून झटकली, मला परत दिली आणि म्हणाले, "जा आता. वाऱ्याच्या दिशेने बसू नका."

पुढचा प्रवास मी खिडकीशी आणि बाकीची गाडी दुसऱ्या बाजूला. भाई तेवढे शेजारी होते. मग हळूच म्हणाले,

"शेटानू, कणगीमागचा तुम्ही कोणाक सांगू नकात."

"आणि कमरेचा तुम्ही."

"कसली कंबर?" भाई म्हणाले.

"कसली कणगी?" मी म्हणालो.

कट्ट्याला आम्ही उतरलो तेव्हा तुळसा आणि अक्का अंगणात रांगोळी घालून उभ्या होत्या. मी कपाळभर विस्कटलेले केस, पाठीला चिकटलेला सदरा आणि डोक्यात थोडी हवा घेऊन चालत आलो. फेणी पाठीतून चढते की नाही मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी मला आमचं अंगण किंचित हलताना दिसलं होतं. मागून भाई, कोपरापर्यंत घमघमत!

तुळसेने एकदाच श्वास घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले. "अवो, ह्या काय? मुलगी दाखवूची आसा आज! आणि तुम्ही..."

खरं सांगावं तर भाई बुडतात. मी मान खाली घातली. "वाईच झाला," एवढंच म्हणालो. आयुष्यात एक थेंब न चाखता मी त्या क्षणी दारुडा झालो. अक्काने पदर नाकाला लावला आणि रामाचं नाव घेतलं.

कावेरी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली. तिने भाईंच्या पुढे बशी धरली. भाईंचा हात पुढे आला, तसा तिचा हात मध्येच थांबला. तिने एकदा त्यांच्या हाताचा वास घेतला, एकदा लांबूनच माझा घेतला, आणि शांतपणे विचारलं,

"ह्या औषध तुमच्या घरात रोज लायतत?"

भाई बशीकडे बघत म्हणाले, "नाय गो बाय. सणावाराक."

"आणि तुमचो झील?" तिने मुलाबद्दल विचारलं.

"तेका अजून ठावक नाय खंय ठेवतंय ता!"

कावेरी खुदकन हसली आणि बशी खाली ठेवली. "मगे चलात," म्हणाली, आणि आत गेली. भाईंनी तिथल्या तिथे शब्द दिला. अशी हुशार मुलगी आपल्या कणगीवर लक्ष ठेवणार, हे त्यांना त्याच वेळी कळायला हवं होतं. पण माणूस घाईत होता.

लग्न मार्गशीर्षात झालं, बांद्याला. मला वाटलं होतं, नाक्यावरची गोष्ट नाक्यावरच राहिली असेल. पण त्या गाडीत बसलेली सगळी माणसं त्याच बाजूची होती! मांडवात शिरल्यापासून जो येई तो माझ्या पाठीवर दणकून थाप मारी आणि मग तो हात हळूच आपल्या नाकाशी नेई. "हेच ते! पाठीन पितत ते!" अशी माझी ओळख वरपक्षात करून दिली जात होती.

जेवणं झाल्यावर भाईंच्या म्हाताऱ्या आईने मला बोलावून घेतलं. सगळे तिला मोठी आये म्हणत. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण ओसरीवर बसून सगळ्या लग्नावर हुकूम चालवत होती. तिने माझा हात चाचपला.

"तोच मरे तू? नाक्यार पिशवीभर पाठीक लावन घेतलंस तो?"

"व्हय, आये," मी शरमून म्हणालो.

"आणि तोंडान किती पितस?"

निदान एका माणसाकडे तरी माझी अब्रू शाबूत राहावी, म्हणून मी तिच्या कानाशी वाकून अगदी मनापासून सांगितलं, "आये, देवाची शपथ! मी कधीच पिणय नाय. त्या दिवशीय एक थेंब तोंडात गेलो नाय!"

म्हातारीने माझा हात सोडला. तिच्या चेहऱ्यावर खरोखरीचं दुःख उमटलं.

"अरेरे," ती म्हणाली. "म्हणजे सगळी फुकट गेली मरे मेल्या!"